जुन्या फोटोतलं कॉमेट विमान नेमकं कोणतं, हे कसं ओळखावं

जुन्या अल्बममध्ये, पोस्टकार्डावर किंवा मासिकाच्या पिवळ्या पडलेल्या कात्रणात एक देखणं चार इंजिनी विमान दिसतं. इंजिनं पंखाखाली लटकलेली नाहीत, पंखाच्या मुळातच बसवलेली आहेत. खाली एवढंच छापलेलं असतं: कॉमेट. पण ब्रिटनच्या डी हॅविलंड कंपनीचं कॉमेट हे प्रवासी जेट म्हणजे एकच एक विमान नव्हे. २७ जुलै १९४९ रोजी हॅटफिल्डच्या धावपट्टीवरून जॉन कनिंगहॅमने उडवलेलं पहिलं कॉमेट आणि १९८० साली डॅन-एअर या ब्रिटिश विमान कंपनीच्या प्रवाशांना घेऊन शेवटचं उडालेलं कॉमेट यांच्यात लांबी, इंजिनं, खिडक्या, टाक्या, चाकं असं बरंच काही बदललं होतं. फोटो नीट वाचता आला तर विमान कोणत्या प्रकारचं आहे हे कळतं, आणि अनेकदा फोटो कोणत्या दोन-तीन वर्षांतला आहे हेही सांगता येतं.

एक क्रम कायम पाळा. आधी धड आणि पंख, मग शेपटीजवळची नोंदणीची अक्षरं, आणि रंग सगळ्यात शेवटी. बहुतेक लोक नेमकं उलटं करतात आणि म्हणूनच चुकतात. विमान विकलं की रंग बदलतो, देश बदलला की अक्षरंही बदलतात. पंखाची लांबी मात्र अशी सहज बदलत नाही.

तयारी

छापील फोटो असेल तर ६०० डीपीआयवर स्कॅन करा. निगेटिव्ह किंवा स्लाइड असेल तर २४०० च्या खाली जाऊ नका. वर्तमानपत्रातलं किंवा मासिकातलं चित्र मात्र ठिपक्यांनी बनलेलं असतं. ते कितीही मोठं केलं तरी ठिपकेच मोठे होतात, त्यामुळे अशा चित्रात खिडकीच्या आकारावर फार विसंबू नका. स्कॅन करण्याआधी फोटोची मागची बाजू पाहा. शिक्का, तारीख, पेन्सिलीतला आकडा, जे असेल ते आधी टिपून घ्या.

दुसरी तपासणी उलट्या छपाईची. निगेटिव्ह उलटी ठेवून छापलेले फोटो वाटतात त्यापेक्षा जास्त सापडतात. धडावरचं नाव किंवा शेपटीजवळची अक्षरं आरशात पाहिल्यासारखी दिसली, तर चित्र आडवं पलटवा आणि मगच पुढे जा.

हे कॉमेट आहे तरी का?

पंखाच्या मुळात इंजिनं दिसली की लोक लगेच कॉमेट म्हणतात. तिथे थोडं थांबा. सोव्हिएत टीयू-१०४ ची इंजिनंही पंखाच्या मुळाशीच आहेत, पण ती दोनच. शिवाय त्याच्या नाकाला काचा आहेत, शेपटी जोरात मागे वळलेली आहे आणि पंखामागून चाकांचे लांबट डबे बाहेर येतात. कॉमेटला इंजिनं चार, प्रत्येक बाजूला दोन-दोन शेजारी. पंख साधारण २० अंशच मागे झुकलेला, आणि आडवी शेपटी जवळजवळ सरळ.

नाकाचा भाग तेवढा दिसत असेल तर जास्तच जपा. फ्रान्सच्या काराव्हेल विमानासाठी कॉमेटच्याच नाकाची रचना घेतली होती, त्यामुळे कॉकपिटच्या काचांपर्यंत दोघांत फरक करणं अवघड जातं. पुढची एखादी तरी प्रवासी खिडकी चौकटीत आली असेल तर प्रश्न मिटतो: काराव्हेलच्या खिडक्या गोलसर कोपऱ्यांच्या त्रिकोणी आहेत. खिडकी दिसतच नसेल तर नुसत्या नाकावरून निर्णय देऊ नका.

तिसरा गोंधळ निमरॉडचा. ब्रिटिश हवाई दलाचं हे सागरी गस्तीचं विमान कॉमेट ४सी वरूनच केलेलं. त्याचे पहिले दोन नमुने, एक्सव्ही१४७ आणि एक्सव्ही१४८, हे तर कॉमेट ४सी चेच अर्धवट राहिलेले सांगाडे होते. पण निमरॉडच्या पोटाला दुसरं पोट जोडलेलं आहे. बाजूने पाहिलं तर धड एकावर एक ठेवलेल्या दोन नळ्यांसारखं दिसतं. तशी खोल खोबण दिसली की ते कॉमेट नव्हे.

चाकं

विमान जमिनीवर उभं असेल किंवा चाकं खाली असतील तर पहिली नजर मुख्य पायांवर टाका. प्रत्येक पायाला एकच मोठं चाक असेल तर तुमच्या हातात सुरुवातीच्या दोन नमुना विमानांपैकी एकाचा फोटो आहे; त्यांची नोंदणीची अक्षरं जी-एएलव्हीजी आणि जी-एएलझेडके. दुसरं विमान पहिल्यानंतर बरोबर एका वर्षाने, २७ जुलै १९५० रोजी उडालं. प्रवासी सेवेत गेलेल्या प्रत्येक कॉमेटच्या मुख्य पायाला चार चाकांची बोगी आहे. एकच चाक दिसणारा फोटो दुर्मीळ असतो, तो जपून ठेवा.

खिडक्या: सगळ्यांना ठाऊक असलेली आणि सगळ्यात जास्त फसवणारी खूण

कॉमेट १ आणि १ए च्या खिडक्या चौकोनी, कोपरे गोल केलेल्या. कॉमेट ३ आणि ४ च्या सगळ्या प्रकारांच्या खिडक्या लंबगोल. इथपर्यंत ठीक. अडचण मधल्या विमानांची आहे.

१९५४ च्या अपघातांनंतर (त्यांबद्दल पुढे येतंच) काही कॉमेट १ए विमानांची धडं मजबूत करून त्यांना लंबगोल खिडक्या बसवल्या. यांना १एक्सबी म्हणतात. म्हणजे लांबी आणि इंजिनं कॉमेट १ ची, खिडक्या मात्र नंतरच्या. हवाई दलाच्या २१६ क्रमांकाच्या तुकडीने लायनम तळावरून १९५६ पासून वापरलेल्या कॉमेट सी२ विमानांच्या खिडक्याही बदललेल्या. उलट, इलेक्ट्रॉनिक टेहळणीसाठी वापरलेल्या तीन कॉमेट २आर विमानांच्या खिडक्या चौकोनीच राहिल्या, कारण त्यांच्या धडात दाब भरलाच जात नव्हता. तेव्हा 'चौकोनी म्हणजे १९५४ आधीचं, लंबगोल म्हणजे कॉमेट ४' हा नियम वापरू नका.

धूसर फोटोत खिडकीचा आकार ठरवायचा तर काचेकडे बघू नका, चौकटीची खालची कड बघा. चौकोनी खिडकीची खालची कड मधे थोडी तरी सपाट, सरळ असते. लंबगोलाची कड कुठेच सरळ होत नाही. वरची कड यासाठी वापरू नका: आतला पडदा अर्धा ओढलेला असला की लंबगोल खिडकीसुद्धा वरून सपाट दिसते. शेपटीकडच्या खिडक्या तिरक्या कोनामुळे दबलेल्या दिसतात, म्हणून कॅमेऱ्यासमोर आलेल्या मधल्या तीन-चार खिडक्याच तपासा.

आता खिडक्या आणि अपघात यांचं नातं नीट समजून घ्यायला हवं, कारण फोटोखालच्या मजकुरात याबद्दल सर्रास चुकीचं लिहिलेलं असतं. १० जानेवारी १९५४ रोजी बीओएसी या ब्रिटिश विमान कंपनीचं जी-एएलवायपी एल्बा बेटाजवळ समुद्रात कोसळलं, ३५ जण गेले. ८ एप्रिलला जी-एएलवायवाय नेपल्सच्या दक्षिणेला कोसळलं, २१ जण गेले. हे दुसरं विमान तेव्हा साउथ आफ्रिकन एअरवेजची फेरी करत होतं. फार्नबरोच्या विमान संशोधन केंद्रात सर अर्नोल्ड हॉल यांच्या देखरेखीखाली जी-एएलवाययू हे अख्खं विमान पाण्याच्या टाकीत बसवलं आणि आतला पाण्याचा दाब पुन्हा पुन्हा वाढवून उतरवला. हवेऐवजी पाणी का? दाबलेल्या हवेत प्रचंड ऊर्जा साठते, धड फुटलं तर सगळ्याच्या चिंधड्या उडतात आणि तडा कुठून सुरू झाला हे कळायचं राहून जातं. पाणी फारसं दाबलं जात नाही. धड फाटतं, पण पुरावा जागेवर राहतो.

या विमानाचे आधी प्रत्यक्षात १,२२१ वेळा दाबाचे फेरे झाले होते. टाकीत आणखी १,८३६ झाले आणि ३,०५७ व्या फेऱ्याला धड फाटलं. तडा एका खिडकीच्या कोपऱ्याजवळच्या छिद्रापासून निघाला होता. समुद्रातून काढलेल्या जी-एएलवायपी च्या अवशेषांत मात्र सुरुवात प्रवासी खिडकीपाशी नव्हती. ती धडाच्या वरच्या बाजूला, दिशाशोधक अँटेनासाठी ठेवलेल्या चौकोनी उघडीच्या कोपऱ्यात होती. पत्र्यातली छिद्रं रिव्हेटसाठी ठोकून पाडलेली, त्यांच्या कडांना सूक्ष्म तडे, आणि कोपऱ्यातला ताण अंदाजापेक्षा बराच जास्त. मग कारखान्यातल्या चाचणीत हे का दिसलं नाही? धडाच्या ज्या तुकड्यावर ती चाचणी झाली, त्याला आधी नेहमीच्या दुप्पट दाब दिलेला होता. त्या दाबाने कोपऱ्यांतला धातू थोडा ताणला जाऊन तिथेच घट्ट झाला, आणि तो तुकडा खऱ्या विमानांपेक्षा कितीतरी जास्त फेरे टिकला.

म्हणून कॉमेट १ चा वरून किंवा थोडा उंचीवरून घेतलेला फोटो हाती आला, तर छताची मध्यरेषा मोठी करून बघा. अँटेनाची ती चौकोनी जागा स्पष्ट दिसणारा फोटो बाजूने घेतलेल्या दहा सुंदर फोटोंपेक्षा मोलाचा आहे.

हवेची तोंडं आणि इंजिनं

कॉमेट १ ला डी हॅविलंडचीच घोस्ट इंजिनं होती, प्रत्येकी साधारण ५,००० पाउंड रेट्याची. हवा चाकाच्या मध्यातून ओढून कडेला फेकणाऱ्या प्रकारची, म्हणून जाडजूड पण तोंडाशी कमी हवा मागणारी. कॉमेट २ पासून रोल्स-रॉइसची एव्हॉन इंजिनं आली. ती सडपातळ, पण हवा भरपूर लागते. त्यामुळे पंखाच्या पुढच्या कडेतली तोंडं मोठी करावी लागली. समोरून घेतलेल्या फोटोत हा फरक चांगला दिसतो: कॉमेट १ ची तोंडं लहान, कडेत नीट बसलेली, नंतरच्यांची उंच आणि ठळक. कॉमेट २ हे कॉमेट १ पेक्षा फक्त ३ फूट लांब आहे. तेवढा फरक डोळ्याला कळत नाही, म्हणून या दोघांत तोंडं हीच भरवशाची खूण.

इथेही एक अपवाद आहे. जी-एएलवायटी हे एव्हॉन इंजिनं लावून १९५२ च्या फेब्रुवारीत उडवलेलं चाचणी विमान. अक्षरांवरून ते कॉमेट १ च्या रांगेतलं वाटतं, पण त्याला कॉमेट २एक्स म्हणतात.

कॉमेट १ आणि १ए यांत मात्र बाहेरून फरक शोधत बसू नका. १ए मध्ये इंधन जास्त मावत होतं आणि उड्डाणाच्या वेळी इंजिनात पाणी-मिथेनॉल सोडायची सोय होती. फोटोत यातलं काही दिसत नाही. त्यांचा निकाल अक्षरांवरूनच लागतो.

पंखावरच्या टाक्या आणि लांबी

लंबगोल खिडक्या आणि मोठी तोंडं दिसली की, खिडक्या बदललेलं आखूड कॉमेट २ सोडलं तर, प्रश्न ३, ४, ४बी की ४सी एवढाच उरतो. पंखाच्या पुढच्या कडेवर, इंजिनांपासून बरंच बाहेर, पुढे डोकावणारी निमुळती टाकी आहे का ते बघा. जाणकार तिला पिनियन टँक म्हणतात. टाकी आहे: कॉमेट ३, ४ किंवा ४सी. टाकी नाही: बहुधा ४बी. ४बी हे बीईए या ब्रिटिश विमान कंपनीच्या युरोपातल्या छोट्या पल्ल्यांसाठी केलेलं. जास्त इंधनाची गरज नाही म्हणून टाक्या काढल्या, पंखाची टोकं छाटली आणि धड लांबवून जास्त माणसं बसवली. मग ४बी चं लांब धड आणि ४ चा टाक्यांसह पूर्ण पंख एकत्र आणून ४सी झालं.

म्हणजे ४बी ओळखणं सोपं. अवघड आहे ते ४ आणि ४सी वेगळं करणं. विमान डोक्यावरून जाताना खालून घेतलेला किंवा दुसऱ्या विमानातून वरून घेतलेला फोटो असेल तर मोजपट्टी काढा. नाकाच्या टोकापासून शेपटीच्या टोकापर्यंत लांबी मोजा, मग पंखाच्या एका टोकापासून दुसऱ्यापर्यंतची रुंदी. लांबीला रुंदीने भागा. उत्तर असं यायला हवं:

कॉमेट १: २८.४ मीटर भागिले ३५ मीटर, साधारण ०.८१
कॉमेट २: साधारण ०.८४
कॉमेट ३ आणि ४: ३४ भागिले ३५, साधारण ०.९७
कॉमेट ४सी: ३६ भागिले ३५, साधारण १.०३
कॉमेट ४बी: ३६ भागिले ३२.९, साधारण १.०९

४ आणि ४सी मध्ये फरक अवघा ६ टक्के आहे. फोटोत पंख १०० मिलिमीटर भरत असेल तर ३ मिलिमीटरची चूकसुद्धा तुम्हाला दोन्हींच्या मधोमध नेऊन सोडते. म्हणून मोजणी तीनदा करा आणि सरासरी घ्या. विमान वळणात कलंडलेलं असेल तर रुंदी कमी भरते आणि साधं कॉमेट ४ सुद्धा ४सी भासतं. असा फोटो या कामाला बाद.

बाजूने घेतलेल्या फोटोत हे गणित चालत नाही, कारण पंख आखूड दिसतो. तिथे तुलना करा. जी-एपीडीबी हे कॉमेट ४ डक्सफर्डच्या संग्रहालयात आहे आणि जी-बीडीआयएक्स हे ४सी स्कॉटलंडमध्ये ईस्ट फॉर्च्युनला. दोघांचेही बाजूने घेतलेले फोटो भरपूर मिळतात. पंखाची पुढची कड धडाला जिथे मिळते तिथून पुढे किती खिडक्या आणि मागची कड मिळते तिथून मागे किती, हे दोन्हींवर मोजून ठेवा. मग तुमच्या फोटोत मोजा. लांब धडात पंखाच्या पुढेही आणि मागेही भर घातलेली आहे, त्यामुळे एकाच बाजूची मोजणी पुरत नाही.

कॉमेट ३ बद्दल वेगळं सांगायला हवं. उडालेलं कॉमेट ३ एकच: जी-एएनएलओ. पहिलं उड्डाण १९ जुलै १९५४. डिसेंबर १९५५ मध्ये ते बीओएसीच्या रंगात जगप्रदक्षिणा करून आलं, तेव्हाचे फोटो खूप आहेत आणि त्यांतले बरेच 'कॉमेट ४' म्हणून फिरतात. पुढे १९५८ साली त्याचेच पंख छाटून, टाक्या काढून ४बी साठी चाचण्या घेतल्या आणि फार्नबरोच्या प्रदर्शनात ते बीईएच्या रंगात दिसलं. पंख सहज बदलत नाही असं वर म्हटलं, त्याला हे एक विमान अपवाद. पुढे हवाई दलाकडे त्याचा क्रमांक एक्सपी९१५ झाला. छाटलेल्या पंखाचं पण आखूड धडाचं कॉमेट दिसलं तर ते हेच.

अक्षरं

आता अक्षरांकडे या. ब्रिटिश नोंदणी जी ने सुरू होते, फ्रेंच एफ ने, कॅनडाची त्या काळी सीएफ ने, मेक्सिकोची एक्सए ने, ग्रीसची एसएक्स ने, इजिप्तची एसयू ने, लेबनॉनची ओडी ने, अर्जेंटिनाची एलव्ही ने, मलेशियाची ९एम ने.

बीओएसीची कॉमेट १ नऊ होती: जी-एएलवाय नंतर पी, आर, एस, यू, व्ही, डब्ल्यू, एक्स, वाय, झेड. रेडिओच्या जुन्या उच्चारात वाय म्हणजे योक, म्हणून जी-एएलवायपी ला सगळे योक पीटर म्हणत. १ए मध्ये एअर फ्रान्सची एफ-बीजीएनएक्स, एनवाय, एनझेड ही तीन, यूएटी कंपनीची एफ-बीजीएसए, एसबी, एससी ही तीन, कॅनेडियन पॅसिफिकची सीएफ-सीयूएम आणि सीएफ-सीयूएन ही दोन, आणि कॅनडाच्या हवाई दलाची ५३०१ व ५३०२. सीएफ-सीयूएन कामावर रुजू होण्याआधीच ३ मार्च १९५३ रोजी कराचीत उड्डाण करताना नष्ट झालं. सीएफ-सीयूएम पुढे बीओएसीकडे जी-एएनएव्ही झालं. फोटोत यांपैकी एखादं 'कॅनेडियन पॅसिफिक' नावासह दिसलं तर काळ १९५२-५३ च्या आसपासचाच.

बीओएसीची कॉमेट ४ एकोणीस: जी-एपीडीए पासून जी-एपीडीटी पर्यंत, मधला क्यू वगळून. एवढं पाठ असलं तरी पुष्कळ काम होतं. बीईएची ४बी जी-एपीएमए पासून सुरू होतात.

अक्षरं पुसट असतील तर सगळी वाचायचा हट्ट धरू नका. शेवटची दोन नाकावर किंवा नाकाच्या चाकाच्या दारावर लहान आकारात पुन्हा रंगवलेली असू शकतात. पंखाच्या खालच्या बाजूला तीच अक्षरं मोठी दिसतात. ओ आणि डी, पी आणि आर, व्ही आणि वाय यांत गल्लत होते. शक्य त्या सगळ्या जोड्या कागदावर लिहा आणि त्यांतल्या खऱ्या कॉमेटच्या कोणत्या, ते तपासून बाकीच्या खोडा.

अक्षरं विमानाला जन्मभर चिकटलेली नसतात. जी-एपीडीबी चंच बघा. ४ ऑक्टोबर १९५८ रोजी, जेट विमानाने प्रवाशांना अटलांटिक पार नेण्याच्या पहिल्या दिवशी, ते न्यूयॉर्कहून लंडनला आलं, आणि जी-एपीडीसी लंडनहून न्यूयॉर्कला गेलं. पुढे ते मलेशियाला गेलं तेव्हा ९एम-एओबी झालं, मग डॅन-एअरकडे परत येऊन पुन्हा जी-एपीडीबी. ब्रिटिश हवाई दलाची पाच ४सी, एक्सआर३९५ ते एक्सआर३९९, १९७५ साली डॅन-एअरने घेतली आणि ती क्रमाने जी-बीडीआयटी ते जी-बीडीआयएक्स झाली. न बदलणारी गोष्ट म्हणजे कारखान्याचा अनुक्रमांक. पहिल्या नमुना विमानाचा ०६००१, कॉमेट ३ चा ०६१००, आणि कॉमेट ४ ची मालिका ६४०१ पासून, तो जी-एपीडीए चा. तुमच्या नोंदीत हाच क्रमांक मुख्य ठेवा आणि अक्षरं त्याखाली तारखांसह लिहा. ब्रिटनच्या नागरी विमान प्राधिकरणाच्या जी-इन्फो नोंदवहीत जुन्या नोंदणीची पानं पाहायला मिळतात, तिथे क्रमांक, मालक आणि तारखा एकत्र सापडतात.

रंग आणि तारीख

प्रकार ठरल्यावरच रंग उपयोगी पडतो, आणि तोही मुख्यतः तारखेसाठी. डॅन-एअरने ४, ४बी आणि ४सी तिन्ही वापरली, त्यामुळे तिच्या लाल-काळ्या पट्ट्यावरून प्रकार कळत नाही. बीईएचे लाल पंख आणि लाल चौकोन मात्र ४बी कडे बोट दाखवतात. त्यावर 'एअरटूर्स' लिहिलेलं असेल तर फोटो १९७० ते १९७३ मधला.

इजिप्तच्या विमानांवर धडावरचं नाव वाचा. 'मिसरएअर' असेल तर १९६०, 'युनायटेड अरब एअरलाइन्स' असेल तर तिथून १९७१ पर्यंत, त्यानंतर 'इजिप्तएअर'. मिडल ईस्ट एअरलाइन्सची तीन कॉमेट २८ डिसेंबर १९६८ रोजी बैरूत विमानतळावरच्या हल्ल्यात जळाली. त्या कंपनीची दोन-तीन कॉमेट एकत्र उभी दिसली तर फोटो त्याआधीचा.

प्रवासी वाहणाऱ्या बीओएसी कॉमेट १ ची चौकट सगळ्यात घट्ट आहे. सेवा २ मे १९५२ रोजी सुरू झाली, जी-एएलवायपी लंडनहून रोम, बैरूत, खार्टूम, एंटेबी आणि लिव्हिंगस्टन करत जोहान्सबर्गला गेलं. ऑगस्ट १९५२ पासून कोलंबोची फेरी, ऑक्टोबरपासून सिंगापूर, एप्रिल १९५३ पासून टोकियो. एल्बाच्या अपघातानंतर ११ जानेवारी १९५४ पासून विमानं जमिनीवर, २३ मार्चला पुन्हा उड्डाणं, आणि ८ एप्रिलच्या अपघातानंतर कायमची बंद. म्हणून टोकियोत प्रवासी चढताना दिसणाऱ्या चौकोनी खिडक्यांच्या बीओएसी कॉमेटला एका वर्षाचीच जागा मिळते. बीओएसीने कॉमेट २ मधून नियमित प्रवासी कधीच नेले नाहीत, तेव्हा एव्हॉनच्या मोठ्या तोंडांचं आणि आखूड धडाचं विमान बीओएसीच्या रंगात दिसलं तर ते चाचणीचं. कॉमेट ४ ची बीओएसीतली सेवा १९६५ च्या नोव्हेंबरात संपली.

संग्रहालयातल्या विमानांचे रंग हा वेगळाच सापळा आहे. कॉसफर्डला बीओएसीच्या रंगात उभं असलेलं जी-एपीएएस हे मुळात एअर फ्रान्सचं एफ-बीजीएनझेड. बीओएसीसाठी त्याने प्रवासी कधी नेले नाहीत. लंडन कोल्नीच्या डी हॅविलंड संग्रहालयात एफ-बीजीएनएक्स चं धड आहे, चौकोनी खिडक्यांसह. चौकोनी खिडकीची खालची कड प्रत्यक्षात कशी दिसते हे डोळ्यांत बसवायचं असेल तर याच धडाचे फोटो समोर ठेवा.

एक फोटो शेवटपर्यंत

समजा समोर रंगीत स्लाइड आहे. विमान डाव्या बाजूने दिसतं, लाल-काळा पट्टा, 'डॅन-एअर लंडन' असं नाव, अक्षरांतली शेवटची दोनच वाचता येतात: आयडब्ल्यू. क्रमाने जा. चार इंजिनं मुळात, पोट एकच: कॉमेट. खिडक्यांची खालची कड कुठेही सपाट नाही, तोंडं मोठी: ३ किंवा ४ कुळातलं, किंवा बदललेलं कॉमेट २. पुढच्या कडेवर पिनियन टँक आहे: ४बी बाद, कॉमेट २ बाद. खिडक्यांची मोजणी पंखापुढे आणि मागे दोन्हीकडे ईस्ट फॉर्च्युनच्या विमानाशी जुळते: ४सी. आता अक्षरं. डॅन-एअरच्या ४सी मध्ये आयडब्ल्यू ने संपणारं जी-बीडीआयडब्ल्यू, म्हणजे आधीचं हवाई दलाचं एक्सआर३९८. हवाई दलाने ते १९७५ साली दिलं, म्हणून स्लाइड त्याआधीची नाही. डॅन-एअरचं शेवटचं कॉमेट उड्डाण ९ नोव्हेंबर १९८० रोजी याच विमानाने गॅटविकहून झालं, म्हणून सेवेतला फोटो त्यानंतरचा नाही. पार्श्वभूमीला दुसरी विमानं, गाड्या, झाडांची पानं असतील तर हे अंतर आणखी कमी होतं. आज हे विमान जर्मनीत हेर्मेस्काइलच्या संग्रहालयात आहे. आसपास गवत, कुंपण आणि इतर स्थिर विमानं दिसत असतील तर स्लाइड बहुधा तिथलीच, सेवेतली नव्हे.

नोंद लिहिताना निष्कर्ष आणि पुरावा वेगळे ठेवा. 'कॉमेट ४सी, जी-बीडीआयडब्ल्यू, १९७५ ते १९८०' एवढ्यावर थांबू नका. त्याखाली लिहा: टाकी दिसते, खिडक्या मोजल्या, अक्षरं अर्धी वाचली, बाकीची यादीवरून. पुढे कोणाकडे याच विमानाचा स्वच्छ फोटो निघाला तर तुमच्या नोंदीतला कोणता दुवा कच्चा होता हे त्याला लगेच कळेल, आणि तेवढाच बदलता येईल.